उलंगवाडी तूच म्हटली, फुलाबाई

फुलाबाई, आज तुही तेरवी. तुह्या सुनेचे दोन फोन आले, काकू जेवाले या म्हणून. मी हो हो म्हटलं अन् गेली नाही. डाळीच्या मिलमध्ये सुट्टी सांगितली, दार ओढून घेतलं अन् नातीच्या वहीची मधातली पानं काढून तुले लिहाले बसली. तुह्या मातीले आलती मी. त्या दिवशी पाय आपोआप निघाले. पण तुह्या नावाचं जेवण गळ्याखाली उतरत नाही, त्याले मी काय करू.

आमच्या घरचे सकाळी म्हणाले, मेलेल्या माणसावर राग धरत नसतात. धरत नसतीन लोक. मी धरते. जित्तेपणी तू मले तोंड भरून भांडू देलं नाही, तं आता ऐकून घे. आता तुले मधात बोलता येणार नाही, एवढं एक बरं झालं.

माहं पहिलं साल आठवते का तुले? माहा बाप मारेगावकडं शाळेत चपराशी. त्यानं मले सातवीपर्यंत शिकवलं, पण कापूस वेचाले काही शिकवलं नाही. लग्न होऊन आली अन् चौथ्या दिवशी सासूनं कंबरेले ओटी बांधून वावरात उभी केली. सुकलेल्या बोंडाच्या टोकानं माही बोटं फाटली. बाकीच्या बाया आपापली पात, म्हणजे झाडाची ओळ, धरून चालल्या समोर, अन् मी एकटी मांगं. रडू येत होतं, पण नवी नवरी रडते कशी? कोणी वळून पाह्यलं नाही. तू पाह्यलं. बाजूच्या पातीतून तुहा हात आला अन् माह्या झाडावरचा कापूस पटपट वेचत गेला, मी तुह्या बरोबरीले येईपर्यंत. तुही ओटी रिकामी राह्यली अन् माही भरली. तू फक्त एवढंच म्हटलं, "वर पाहू नको, बोटाकडं पाहाय." संध्याकाळी घरी येऊन माह्या बोटाईले हळद-तेल लावून गेली. त्या दिवसापासून मी तुह्या बाजूची पात सोडली नाही. बावीस सालं सोडली नाही.

माही पोरगी झाली ते साल घे. कापसाचा दुसरा वेचा चालू होता अन् मी बाजेवर. माह्या सासूचं तोंड सुरू झालं की हिच्या वाट्याचा कापूस आता कोण वेचते. तू सव्वा महिना दोन पाती वेचल्या, एक तुही, एक माही. रोज येता येता पोरीले पाहून जाये अन् म्हणे, नाक बापाचं आहे, बिचारीचं नशीब. एवढं केलं तू माह्यासाठी. हे मी विसरली असती तं राग धरणं सोपं गेलं असतं. तुहा राग करते म्हटलं की आधी ती पात आठवते.

जे आपल्याले ओळखत नाहीत, त्याईले हे समजणार नाही म्हणून सांगते. लोक विचारत, वावर कोणाचं? आपण म्हणो, आमचं. ते आपलं नव्हतं. बाभुळगावच्या रस्त्याले लागून ते काळ्या मातीचं वावर यवतमाळच्या मालकाचं. शहरात राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकरी करणारे लोक. आपण चार घरं तुह्या सासऱ्याच्या आधीपासून तिथं बटईनं होतो, अर्धं पीक त्याईचं, अर्धं आपलं. घरं वावरातच, चारही. विहीर आपल्या माणसाईनं खणली. गोटे आपण वेचून बांधाच्या धुऱ्यावर टाकले, एक एक. बुढे मालक सालातून दोन खेपा येत, धुऱ्यावर खाट टाकून बसत अन् तुह्या हातचं तुरीच्या सोल्याचं वरण मागून घेत. जाताना म्हणत, हे वावर तुमचंच आहे. कागद मात्र एकही नाही.

इथूनच तुहं-माहं भांडण सुरू होते, जे काही मिटलं नाही. मी म्हणो, फुलाबाई, चाल, तलाठ्याकडं जाऊ, सातबाऱ्यावर पीक कोण करते तिथं आपल्या माणसाईची नावं लावून घेऊ. तू हसे. म्हणे, सातवी शिकली म्हणून कलेक्टर झाली का? बुढ्या मालकानं जबान देली आहे, आता त्याईच्या तोंडावर कागद मागाचा? लाज नाही वाटत? मी म्हणो, लाज कायची, वावर जाईन तेव्हा लाज घेऊन बसशील. तू तोंडात मिसरी असली की बोटानंच चूप म्हणे अन् पात पुढं नेये. किती खेपा झालं हे. दरसाल एकदा तरी. अन् दरसाल मी शेवटी तुहंच ऐके.

तुले जबानीचा एवढा भरवसा काहून होता, ते मले माहीत आहे. त्या वावरात तुहीच जबान चाले. पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादई तू मांडे. कापसाच्या झाडाच्या, पऱ्हाटीच्या बुडाशी पाच गोटे, कुंकू, दहीभात, अन् पहिल्या बोंडाचा कापूस. जी बाई सीतादई मांडते, तिनंच सालाच्या शेवटी उलंगवाडी म्हणाची, असा आपल्या चार घराईचा कायदा होता. शेवटचा वेचा झाला, झाडावर काही राह्यलं नाही, की तू धुऱ्यावर चढे, दोन्ही हात वर करे अन् दोनदा म्हणे, उलंगलं वो बायाहो, उलंगलं. मंग मी काट्याचं फाटक बाजूले सारो, कारण फाटकापाशी माहं घर. गावाची गुरं येत, गोरगरीब बाया उरलासुरला कापूस वेचाले येत, अन् धनगर मेंढ्या घेऊन येत. मेंढ्या पऱ्हाटीचा पाला खात, आठ-पंधरा दिवस वावरात बसत, त्याईच्या लेंड्याईचं वावराले खत होये. त्या मेंढ्याईले आपण पाहुण्यावानी वागवलं. तुह्या नातवानं तं एका कोकराचं नाव ठेवलतं.

अन् तो शब्द तू किती सांभाळून वापरे! एका साली माह्या सासूनं घाई केली. आता काही नाही राह्यलं, म्हण उलंगलं, तुरीचं खळं पडलं आहे. तू ऐकलं नाही. भर उन्हात सारं वावर पातीपातीनं फिरून आली अन् एका कोपऱ्यातून पदरभर कापूस आणून माह्या सासूच्या पुढं ओतला. "हे काय आहे मंग, म्हातारीचे केस?" म्हणून विचारलं. सासू दोन दिवस तुह्याशी बोलली नाही. मी मात्र त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की जगात कोणाचंही खोटं निघीन, फुलाबाईची उलंगवाडी खोटी निघणार नाही.

मंग ती खराब सालं आली. कापसाले कोणी विचारे ना. बियाणं नवं, फवारणी नवी, अन् घरी येणारा कापूस दरसाल कमी. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. गाड्या भरून माणसं येत, ज्याच्या घरचं माणूस गेलं तिथं बसत, फोटो काढत, निघून जात. आपल्या चार घराईत कोणी मेलं नाही, म्हणून आपल्याकडं कोणी आलं नाही. तू एक दिवस म्हटलंही होतं, आपण जित्ते आहो हेच आपलं चुकलं. तेव्हा आपण दोघी हसलो होतो.

त्यातच बुढे मालक गेले अन् धाकटे साहेब आले. बापाच्याच खाटेवर बसले, तुह्याच हातचा च्या प्याले, अन् गोड आवाजात सांगितलं की कापसात आता काही राह्यलं नाही, आपण इथं मेंढ्या पाळणार आहो, साऱ्या वावराले तारेचं कुंपण घालणार, गवत पेरणार. तुम्ही पाडव्यापर्यंत घरं खाली करा. जसं काही खाट सरकवाले सांगून राह्यले. आमच्या घरचे नुसते जमिनीकडं पाहत राह्यले. बोलली तू. पदर खोचून तू त्याईले सांगितलं की उभ्या पिकातून बटईदार काढत नसतात, तुमच्या बापानं काढला नाही, आज्यानं काढला नाही. पाडव्याले बटईचं साल बदलते. पाडव्याच्या सकाळी ज्याचं पीक वावरात उभं, पुढचं साल त्याचं. धाकट्या साहेबाचं तोंड उतरलेलं मी पाह्यलं. त्या दिवसात उभी पऱ्हाटी कोणी मोडली असती तं पेपरवाले धावत आले असते, हे त्याईलेही समजत होतं.

त्या संध्याकाळी तुह्या आंगणात चार घराईचा बेत ठरला, अन् तो बेतही तुहाच. वावर उलंगूच द्याचं नाही. वेचा हळू कराचा. विहिरीजवळच्या पातीले पाणी देत राहाचं, म्हणजे पऱ्हाटी पुन्हा बोंडं धरीन अन् पाडव्यापर्यंत उभी राहीन. तू आमाले सर्व्याईले सीतादईच्या गोट्यापाशी नेलं. गोट्यावर हात ठेवून म्हटलं, "पाडव्याच्या आधी माह्या तोंडातून तो शब्द निघणार नाही." मले तेव्हा वाटलं, कागद नसला तरी काय झालं, आपल्यापाशी फुलाबाई आहे. मीच, जी बावीस सालं कागद कागद करत होती.

पोरीच्या लग्नाचे दिवस मोजले नाहीत तेवढे मी ते दिवस मोजले. होळी दोन दिवसावर होती, पाडव्याले सतरा दिवस राह्यलते. धाकट्या साहेबाचा निरोप आला की माणसाईनं यवतमाळले घरी या, बोलून मार्ग काढू. चारही घरचे माणसं सकाळच्या गाडीनं गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी विहिरीजवळ गेलती. बोंडं हात लावून पाह्यली. हिरवी होती, टणक, दाटून धरलेली. अजून एक वेचा पक्का होता. मी मनातल्या मनात म्हटलं, ही फुटेपर्यंत पाडवा येते. तिथंच तुही-माही भेट झाली. मी तुले म्हटलं, पाहाय वो, किती धरली आहे. तू हो म्हटलं अन् घागर उचलून चालली गेली. मले वाटलं, हिचं डोकं दुखत असंन.

अन् माणसं गेली त्या सकाळी तू धुऱ्यावर चढली.

मी आंगण झाडत होती. तुहा आवाज आला, उलंगलं वो बायाहो. दरसाल तू दोन्ही हात वर करे, त्या दिवशी एकच केला. दरसाल दोनदा म्हणे, त्या दिवशी एकदाच म्हटलं. हे मले आता आठवते. तेव्हा एवढंच समजलं की फुलाबाईनं म्हटलं. माह्या डोळ्यापुढं ती हिरवी बोंडं आली, खोटं नाही सांगत. पण लगेच वाटलं, हिनं काही तरी नवा बेत केला असंन. यवतमाळले बोलणं जमलं असंन अन् हिले आधी निरोप आला असंन. तू म्हटलं म्हणजे त्याले कारण असंन. मी झाडू ठेवला अन् फाटकापाशी गेली. काट्याचा फास ओढताना एक काटा तळहातात गेला, तो काढाले बी थांबली नाही. फाटक मी उघडलं, माह्या हातानं.

रस्त्यावर दोन ट्रक उभे होते. दरसाल धनगर पायी येत, संग कुत्री, घोड्यावर बिऱ्हाड. ह्या मेंढ्या ट्रकातून उतरल्या, सर्व्याईच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका. मी तुह्याकडं पाहून हसली, म्हटलं, यंदा मेंढ्याईनं बी गाडी केली वो फुलाबाई. तू हसली नाही.

दुपार होईपर्यंत विहिरीजवळच्या पाती बोडक्या झाल्या. मेंढीले काय समजते, हिरवं बोंड का सुकं बोंड. धाकट्या साहेबाचा कारकून दोन पंच घेऊन आला अन् लिहू लागला. फाटक कोणं उघडलं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी. कोणी जबरदस्ती केली का? मी म्हटलं, नाही. खरंच होतं ते. अंगठा द्या, म्हणाला. अन् ऐक माही अक्कल. मले राग आला की हा मले अडाणी समजते. मी त्याच्या हातून पेन घेतला अन् वरचं न वाचताच माहं पूर्ण नाव लिहिलं, बापानं शिकवलं तसं, मोठ्या अक्षरात. चार घराईत सही करता येणारी मी एकटीच बाई होती. बटईदाराईनं आपल्या मर्जीनं पीक उलंगवलं अन् वावर मोकळं केलं, असं त्या कागदात लिहिलतं. बावीस सालं मी कागद मागत होती. मिळाला, माह्याच सहीचा.

माणसं यवतमाळहून आली तेव्हा त्याईले काहीच सांगाची गरज नव्हती. साहेबानं दिवसभर त्याईले बैठकीत बसवून ठेवलं अन् च्या पाजला. आठ दिवसात तीन घरं उठली. आमच्या घरच्याईनं पत्रे काढले, दाराची चौकट उखडून बंडीवर टाकली. दुसऱ्याच्या खोलीत राहाले जाणाऱ्या माणसाले चौकट कायले लागते? ती चौकट अजून इथं, लोहाऱ्याच्या खोलीत, भिंतीले टेकून उभी आहे. बाकी दोन घरं कुठं कुठं पांगली. चौथं घर तुहं. ते तसंच राह्यलं. तुह्या घरचे बुढे मेंढ्याईचे चौकीदार झाले. आमची बंडी निघाली तेव्हा तू दारात उभी होती. पदर तोंडावर ओढून घेतला अन् आत गेली. मले वाटलं होतं, तू बंडीच्या मांगं धावशील. फाटकापर्यंत मी मांगं पाहत होती.

त्याच्यानंतर तू दर संक्रांतीले कोणाच्या तरी हाती तिळाचे लाडू धाडत राह्यली. मी ते गल्लीतल्या पोट्ट्याईले वाटून टाके. दरसाल एक खाये, खोटं कायले बोलू. तुह्या हातचा गूळ नेहमीच थोडा जास्त असे.

अन् ज्याच्यासाठी हे सारं झालं, ते तरी टिकलं का? पहिल्याच पाण्याळ्यात काळ्या मातीच्या चिखलानं मेंढ्याईचे खूर सडले. आपल्या मातीत पाण्याळ्यात मेंढरू उभं राहत नाही, हे कोणताही धनगर सांगत होता. म्हणून तं ते उलंगवाडीनंतर येत अन् पाणी पडाच्या आधी जात. पण साहेबानं धनगराले विचारलं असतं तं ना. तिसऱ्या सालापर्यंत उरल्यासुरल्या मेंढ्या विकल्या, लोखंडाच्या फाटकाले कुलूप लावलं, अन् वावरात बाभळी माजल्या. बाभळीच्या मधात तुहं एक घर. मले लोक सांगत, पंचफुलाबाई आताशा कोणाशी बोलत नाही. मी म्हणो, बोलीन कोणाशी, शेजार कुठं ठेवला तिनं?

मंग मागल्या महिन्यात तुही सून मिलच्या दारात येऊन उभी राह्यली. आत्याबाई दवाखान्यात आहे, तुमचं नाव घेते. मी आली. यायचं नव्हतं, पण आली. रस्ताभर एकच प्रश्न घोकत आली की काहून केलं? समोर पाह्यलं तं खाटेवर तुहा अर्धा देह उरलता. तोंडातून निघालं, जेवली का? तू मान हलवली. मी संत्र्याची फोड तुह्या तोंडात देली.

तूच सुरू केलं. साहेबाचा माणूस तीन दिवस रोज संध्याकाळी येत होता, म्हटलं. तो म्हणे, तू उलंगलं म्हण, तुहं एक घर राहीन. नाही म्हटलं तं चारही जातीन, पोलीस आणून काढू. हे मले अर्धं माहीतच होतं. मंग तू माहा हात धरला, ज्या हातात काटा गेलता तोच, अन् जे म्हटलं ते ऐकून मी त्या खाटेवरून उठून उभी राह्यली.

"बेबे, तू काहून उघडलं फाटक? तू तं आदल्या दिवशी बोंडं पाह्यलती. मले वाटलं, तू म्हणशील, थांब, अजून एक वेचा बाकी आहे. तू एकदा म्हटलं असतं तं मी सर्व्याईच्या देखत म्हटलं असतं, चुकली माही. शब्द फिरवता येत नव्हता मले. तू थांबवू शकत होती."

मी संत्र्याची साल पदरात गुंडाळली अन् निघून आली. नऊ दिवसानं तू गेली.

आता ऐक. हे तुले तिथं म्हणाचं होतं, पण आजारी माणसाशी कोण भांडते. फुलाबाई, हा कोणता न्याय आहे? बावीस सालं तू मले तुहं ऐकाले शिकवलं. वर पाहू नको, बोटाकडं पाहाय. कागद मागू नको, जबान आहे. कायले बोलतं, चूप. अन् एका सकाळी, एकाच सकाळी, मी तुहं ऐकाचं नव्हतं? अन् ते मले कोण सांगणार होतं? तू विहिरीवर माह्या पुढून घागर घेऊन गेली, तेव्हा तुहं तोंड नव्हतं का? बेबे, उद्या मी खोटं म्हणणार आहे, तू मले अडव, एवढं म्हणाले किती वेळ लागत होता? सारी रात होती तुह्यापाशी. तुह्या-माह्या घरात वीस पावलं. तू तुहा भार माह्या डोक्यावर ठेवला अन् मले सांगितलं बी नाही की ठेवला म्हणून.

अन् खरं सांगू, मले अजून समजत नाही की तू खाटेवर बोलली ते खरं होतं का मराच्या वेळी हलकं होण्यासाठी जमवलेलं. तुहे बुढे चौकीदार झालेच ना? घर राह्यलंच ना? मी थांबवलं असतं तं तू खरंच म्हटलं असतं का, चुकली माही? मी तुले ओळखते असं समजत होती. आता कोणाले विचारू? आमच्या घरच्याईले विचारलं तं ते म्हणाले, तिनं फसवलं अन् तुनं फसवून घेतलं, दोन्ही खरं. मले त्याईचाही राग आला.

पण रात्री झोप लागत नाही, अन् विहिरीजवळच्या पाती डोळ्यापुढून जात नाहीत. हो. पाह्यलती मी. हात लावून पाह्यलती. तुह्या शब्दापुढं मी माहे डोळे खोटे धरले. एवढं मात्र मले कबूल करणं आहे, अन् ते मी दुसऱ्या कोणापाशी करणार नाही, म्हणून तुले लिहून राह्यली. तू मले फसवलं, हे मी मरेपर्यंत म्हणीन. तुह्या पोराच्या तोंडावर म्हणीन. पण पहिल्या साली बाजूच्या पातीतून आलेला तो हात बी तुहाच होता, ते बी म्हणीन. दोन्ही एकाच तोंडानं म्हणाले जड जाते, पण म्हणीन.

मातीच्या दिवशी सारे लोक नदीवरून घरी गेले तेव्हा मी गेली नाही. वावराकडं गेली. लोखंडाच्या फाटकाले तेच कुलूप, गंजलेलं. आत बाभळीच बाभळी, विहिरीचा कठडा ढासळलेला. तुहं घर तेवढं दिसत होतं, दार बंद. धुऱ्याची ती जागा बी दिसत होती, जिथं तू उभी राहे. माहं घर होतं तिथं मी उभी राह्यली, पदर सावरला, अन् धुऱ्याकडं तोंड करून जोरानं म्हटलं, जेवढा आवाज उरला आहे तेवढ्या आवाजानं.

"थांब वो फुलाबाई. अजून एक वेचा बाकी आहे."